बाबांची जीभ

इंदूरला नवीन आलेल्या माणसाला लोक गाव विचारायच्या आधी "पोहे कुठले खाता?" हे विचारतात. उत्तर चुकलं की तुमची किंमत ठरली. हे शहर उठल्यापासून निजेपर्यंत खातं आणि खाऊन झालं की खाल्लेल्याबद्दल बोलतं. त्या बोलण्यात माझ्या बाबांइतका उद्धट माणूस मी पाहिलेला नाही.

आमचे पूर्वज संस्थानात कारकून होते, घरात मात्र "दरबारी" म्हणायची पद्धत. दरबार गेला, बाबा पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. दरबारातली फक्त ऐट शिल्लक राहिली होती, तीही सगळी जिभेवर जाऊन बसली. मसाला घ्यायचा तर सियागंजातूनच. लवंग घातलेली लौंग सेव एका गल्लीतली, साधी शेव दुसऱ्या गल्लीतली, आणि दोन्ही एकाच दुकानातून घेणारा माणूस अडाणी. गराडू, म्हणजे तळलेला कंद, थंडी पडल्याशिवाय खाणाऱ्याशी बाबा बोलायचेही नाहीत. महाराष्ट्रातून नोकरीला आलेली माणसं उन्हातून येऊन शिकंजी मागवतात आणि लिंबाच्या सरबताऐवजी दाट, गोड, केशरी दूध समोर आलं की बावचळतात. त्यांच्याकडे बघून बाबा खो खो हसायचे. "भिया, लिंबू पिळायला तुमच्या घरी जा!" मला विचाराल तर शिकंजी म्हणजे पेल्यात घातलेली बासुंदीच आहे आणि ती पिऊन तहान आणखी वाढते. पण मला कुणी विचारत नसे. आमच्या घरात मतं फक्त बाबांना होती.

नमकीनच्या दुकानात आधी मूठभर चाखायला देतात, मग तोलतात. ही इथली रीतच आहे. बाबा पायरी चढले की दुकानदार नोकराला बाजूला करून स्वतः बरणीत हात घालायचा. "बाबूजी, ज़रा बताना, आज का माल कैसा है?" बाबा डोळे मिटून चावायचे. तेवढा वेळ बाकीची गिऱ्हाइकंसुद्धा गप्प उभी राहायची. "मोयन कम है," म्हणजे पिठात तेलाचं मोहन कमी पडलंय, असं बाबा म्हणाले की त्या बरणीकडे कुणी बघायचं नाही. मी पिशवी धरून शेजारी उभी असायचे आणि मला लाजेनं मरावंसं वाटायचं. आईला ते दुकानात कधी नेत नसत. "हिला काय समजणार?" एवढंच कारण होतं.

आई साताऱ्याकडची. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला तिच्या माहेरचे पोहे येत होते, फोडणीत परतलेले, दाण्यांचे, वर ओलं खोबरं. इथले पोहे वाफेवर होतात, त्यात बडीशेप पडते, किंचित साखर पडते, वर शेव आणि जिरावण. ही मसाल्याची पूड इथे मिठासारखी सगळ्यावर भुरभुरतात. आई सगळं शिकली. वाफ शिकली, बडीशेप शिकली. दर रविवारी ती पोहे करायची आणि दर रविवारी बाबा पहिला घास खाऊन म्हणायचे, "काहीतरी कमी आहे." मग जिरावणाचा डबा उपडा करून, "हां, आता खाण्यासारखे झाले."

एकदा आईनं न राहवून विचारलं, "काय कमी आहे ते तरी सांगा."

"ते तुला समजलं असतं तर तू टाकलंच नसतं का?" बाबा म्हणाले. पाहुणे बसले होते. पाहुणे हसले. आईही हसली. मला तिच्या त्या हसण्याचा फार राग आला होता.

दोन वर्षांपूर्वी बाबांना ताप आला. बरेच दिवस अंथरुणावर होते, मग उठले, हिंडूफिरू लागले. "तोंडाला चव नाही" असं आजारी माणूस म्हणतोच, बाबा ते एकदाही म्हणाले नाहीत. एका रविवारी जिरावण संपलं होतं. पुन्हा बोलणी नकोत म्हणून आईनं डब्यात धने-जिऱ्याची पूड भरून ठेवली आणि सांगायचं विसरली. बाबांनी नेहमीसारखा पहिला घास खाल्ला. "काहीतरी कमी आहे." धने-जिऱ्याची पूड पोह्यांवर ओतली. "हां, आता खाण्यासारखे झाले."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना साखर न घालता चहा दिला. "साखर जास्त झाली आज," बाबा म्हणाले. मग तिनं वरणात मीठ घातलं नाही, बाबांनी वर लिंबू पिळून घेतलं आणि जेवले. घरात अत्तराची बाटली फुटली तर फरशी ओली का आहे म्हणून विचारलं. आता शंकाच उरली नाही. चव गेली होती आणि वासही गेला होता. आणि हे ते मेले तरी कुणाला सांगणार नव्हते, कारण ती जीभ गेली की त्यांच्याकडे दुसरं काय होतं? एका बंद पडलेल्या कारखान्याचा रिटायर्ड स्टोअरकीपर. त्याला कुणी दुकानात पायरीवर थांबून नमस्कार केला नसता.

त्यांनी युक्त्या शोधल्या होत्या. आधी समोरच्याला खाऊ द्यायचे आणि त्याचं तोंड बघायचे. "शेव कुठली आणलीस?" असं विचारायचे आणि दुकानाच्या नावावरून निकाल द्यायचे. नमकीनवाल्याकडे डोळे मिटून चावायचे तसेच चावायचे. आईनं बाहेर कुठे ब्र काढला नाही, तेव्हा मला वाटलं, तिला त्यांची दया आली. मी भंवरकुआंच्या क्लासमध्ये दिवसभर मुलांना शिकवते, आईचा चेहरा वाचायला मात्र मला वेळ लागला. तिला दया वगैरे काही आली नव्हती. ती वाट बघत होती.

आमच्या मंडळाचा गणपतीत आनंदमेळा असतो. बायका आपापल्या पदार्थांचे स्टॉल लावतात आणि परीक्षक बाबा. दुसरा कुणी परीक्षक झालेला मला आठवत नाही. विक्री सुरू व्हायच्या आधी प्रत्येक स्टॉलवरून एक थाळी मंचावर जाते. बाबा एकेक घास खातात आणि माइकवरून निकाल सांगतात. मग जिंकलेली थाळी फिरते: आधी अध्यक्षांचा घास, मग कमिटीचा, आणि शेवटचा जिनं पदार्थ केला तिचा. आई दरवर्षी पोह्यांचा स्टॉल लावायची आणि दरवर्षी बाबा माइकवर काहीतरी बोलायचे. "आमच्या घरचे सातारी पोहे. भूक असेल तर चालून जातील." हॉल हसायचा. बक्षीस तिला द्यावं असं माझं म्हणणं नव्हतं. पण बाबा माइक खाली ठेवायच्या आधी तिच्याकडे बघायचे, तिला लागलं की नाही ते बघायला. ते मी कधी विसरले नाही.

यंदाच्या आनंदमेळ्यात आईनं स्टॉल घेतला नाही. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेली एक मुलगी राहते, तिचा नवरा सांवेर रोडच्या एका कंपनीत इंजिनियर आहे. तिला मंडळात ओळखी करून घ्यायच्या होत्या, म्हणून तिनं हौसेनं इंदुरी पोह्यांचं नाव दिलं आणि मग घाबरली. "काकू, मला वाफेचे जमतच नाहीत हो." आई म्हणाली, "मी करून देते. नाव तुझंच राहू दे." परीक्षकाची थाळीसुद्धा आईनंच भरली. मी तिथेच उभी होते. पोहे मोकळे, पिवळेधमक, वर बाबांच्या आवडत्या गल्लीतली शेव, डाळिंबाचे दाणे. वरून भुरभुरताना तिनं पदराखालून एक छोटी डबी काढली. मी विचारलं नाही. रंग अगदी जिरावणाचाच होता.

बाबांनी मंचावर त्या मुलीला विचारलं, "शेव कुठली?" तिनं आईनं पढवलेलं नाव सांगितलं. बाबांचा चेहरा खुलला. घास घेतला, डोळे मिटले, चावले, माइक जवळ ओढला.

"याला म्हणतात पोहे! बढ़िया! पहिलं बक्षीस! जिरावण बघा, एकदम नापतोल के. ही पोरगी पुण्याहून येऊन वर्ष नाही झालं आणि शिकली. काही काही लोकांना अख्खा जन्म इथे काढून जमत नाही." आणि त्यांनी आईकडे बघितलं.

हॉल हसला. आई गर्दीत हात बांधून उभी होती. या वेळी ती हसली नाही.

थाळी अध्यक्षांकडे गेली. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. गिळलं. बाबांकडे बघितलं. "वा," ते म्हणाले. "क्या बात आहे." मग सचिव. त्यांच्या कपाळाच्या शिरा वर आल्या, पण तेही म्हणाले, "बढ़िया भिया, बढ़िया." खजिनदारबाईंनी रुमाल तोंडाला लावला आणि मान डोलावली. बाबांनी वाहवा केलेल्या घासाला नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. इतकी वर्षं त्यांनी नाकं मुरडून मुरडून सगळ्यांना असंच तयार केलं होतं. सगळी कमिटी गिळत होती आणि बाबा एकेकाचं तोंड बघून खुश होत होते.

शेवटी थाळी त्या मुलीकडे आली. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं भला मोठा घास घेतला आणि तिथेच हातावर थुंकली. "ई! काका, हे कडूजहर आहे!"

माइक चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं.

बाबा हसले. "अगं, जिरावण आहे ते. थोडा कडवटपणा असतोच. तुम्हा पुण्याच्या लोकांना समजायचा नाही."

"जिरावण नाहीये ते," आई म्हणाली. ती फार मोठ्यानं बोलली नाही, पण तोवर कुणी हालतसुद्धा नव्हतं. "भाजलेल्या मेथीची पूड आहे, नुसती. मी टाकली. यांना दोन वर्षं झाली, चव कळत नाही. वासही नाही. घरी बिनसाखरेचा चहा पितात आणि गोड झाला म्हणतात."

अध्यक्ष पाणी मागवत होते. कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी, आणि मग ते हसणं थांबेना. बाबांच्या हातात माइक तसाच होता. त्यांनी थाळीतून आणखी एक चमचा उचलून तोंडात घातला, जणू आत्ता तरी कडू लागेल. चावत राहिले. काहीच लागलं नाही, ते सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा मला वाटलं आता पुरे, कुणीतरी त्यांना खाली आणावं. पण मीही जागची हलले नाही.

मंडळानं पुढच्या वर्षाकरता दुसरा परीक्षक शोधला. नमकीनवाल्याकडे बाबा एकदाच गेले. बातमी तिथे आधीच पोचली होती. दुकानदारानं बरणीत हात घातला नाही. "बाबूजी, पैक कर दूँ?" म्हणाला, आणि सीलबंद पाकीट हातात दिलं. ते पाकीट बाबांनी घरी आणून ओट्यावर ठेवलं आणि आपल्या खोलीत गेले. आता शेव आई आणते. दुकानदार तिला चाखायला देतो, असं ती मला सांगते. कुठली बरी आणि कुठली नाही हेही सांगते. तिची मतं ऐकताना मला मजा येते, नाही असं नाही.

रविवारी पोहे होतातच. आई बाबांपुढे बशी ठेवते, समोरची खुर्ची ओढून बसते आणि पदराला हात पुसत विचारते, "कसे झालेत?"

परवा तिनं असंच विचारलं. बाबांनी घास घेतला. मी शेजारी खात होते. पोहे उत्तम झाले होते, साखर अगदी नेमकी. बाबांनी हळूच माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडावर काही दिसतंय का ते शोधत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांचं भागलं असतं.

"माझ्याकडे काय बघता, बाबा?" मी म्हणाले. "आईनं तुम्हाला विचारलंय."