बेल-भंडाराचे दोन गट

स्वराज्य आलं, निवडणूक झाली, बहुमत एकाच पक्षाला मिळालं. तरी विधानसभेत त्या पक्षाचे दोन गट. एक मंत्र्यांचा, दुसरा मंत्री व्हायला टपलेल्यांचा. हे तिकडं मुंबईतच राहिलं असतं तर माझ्या बापाचं काय जात होतं? पण पावसाळी बैठक पुण्याला भरायची, आणि आमच्या आकुर्डीकडच्या पुढाऱ्यांना पुणं हाकेच्या अंतरावर. कडक धोतरं नेसून जायचे, गॅलरीत बसायचे आणि येताना भांडण घेऊन यायचे.

माझे सासरे मंत्र्यांच्या गटाचे झाले. म्हणून त्यांचे सख्खे भाऊ, माझे धाकटे सासरे, नाराजांच्या गटाचे. आमचा आमदार न्याहारीला एका गटात, जेवायला दुसऱ्यात. त्याला कुणी काही बोलत नसे. गावात मात्र लोक एकमेकांच्या मयताला जाईनात. आपापली माणसं फुटू नयेत म्हणून दोघा भावांनी त्यांना खंडोबाच्या देवळात नेऊन बेल-भंडार उचलायला लावला: दुसऱ्या गटानं मांडलेल्या ठरावाला हात वर करायचा नाही. देवापुढचा बेल-भंडार हातात घेऊन केलेली शपथ मोडायची आमच्याकडं कुणाची छाती नव्हती. बायकांना कुणी ती घ्यायला बोलावलं नाही. आम्ही फुटलो काय आणि जुळलो काय!

अशात सरकारला कारखान्यासाठी जमीन हवी झाली. खुणा पडल्या त्या नेमक्या आमच्या घरच्या मळ्यावर. लग्न होऊन आले तेव्हापासून तो मळा माझ्या हातचा. सासू टोचून बोलली, माहेरची आठवण आली, की मी तिथं जाऊन वांग्याच्या वाफ्यांना पाणी धरत बसायची. तो जाणार म्हटल्यावर मला अन्न गोड लागेना.

प्रांतसाहेब आले. चावडीपुढं सभा भरली. साहेब भला माणूस. म्हणाला, "मळा सोडा, वरचा खडकाळ माळ घ्या, असा ठराव गावानं एकमतानं करा. मी पुढं पाठवतो. फूट दिसली तर मात्र माझा इलाज चालायचा नाही."

माझा जीव भांड्यात पडला. त्या माळावर कुसळांशिवाय काही उगवत नव्हतं. तो द्यायला सगळं गाव एका पायावर तयार होतं.

मामंजींनी उठून ठराव मांडला. त्यांच्या बाजूचे हात वर झाले. धाकट्यांची माणसं मांडीखाली हात दाबून बसली.

"तुम्हाला माळ द्यायचा नाही?" साहेबांनी विचारलं.

"द्यायचाच हाय की!" धाकटे म्हणाले. "पर आमी बेल-भंडार उचललाय, साहेब. थांबा, आता मी मांडतो."

त्यांनी मांडला. शब्दाला शब्द तोच. आता त्यांचे हात वर, आणि मामंजींची माणसं ढिम्म!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पदर खोचून मी उभी राहिले. "अवं, आमी बायकांनी न्हाई उचलला बेल-भंडार! आमचे हात धरा की!" माझ्यामागं साऱ्या बायकांनी हात वर केले.

तेवढ्यापुरते दोन्ही गट एक झाले. "बाईमाणसानं मधी बोलायचं न्हाई!" दोघे सासरे एकदमच ओरडले. मत टाकायला ह्यांनीच आम्हांला बैलगाडीत घालून नेलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि ते निघून गेले.

मळा गेला. विहीर बुजवली. पुढं विधानसभेतल्या दोन्ही गटांचा समेट झाला आणि नाराजांच्या पुढाऱ्याला मंत्रिपद मिळालं. आमचे दोघे सासरे एकच हार घेऊन सत्काराला गेले. मेल्यांना लाज कशी वाटली नाही?

परत आले ते पाटाला पाट लावून जेवायला बसले.

"काय बी झालं तरी आपण शपथ मोडली न्हाई," धाकटे म्हणाले.

"न्हाईच मोडली," मामंजी म्हणाले. घास तोंडात घातला आणि माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, वांग्याला चव न्हाई गं आज."

"इकत आणल्यात, मामंजी," मी म्हणाले. "बाजारातनं."