कबरीने खाल्लेलं तणस

आमच्या घरी धानाचं तणस म्हणजे जनावरांचं. मळणी झाली की उरलेल्या पेंढ्याचा अंगणाच्या कडेला ढीग रचायचा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचा. कोणी दोन पेंढ्या मागायला आलं तर सासूबाई आधी गोठ्याकडे बघतात, मग हो की नाही ते सांगतात.

त्यामुळे माझ्या मोठ्या जाऊबाई, साधनाबाई, बालाघाटहून बचत गटाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि तणसावर टेकोडे पिकवायचे म्हणाल्या, तेव्हा घरात सगळ्यांना नवल वाटलं. टेकोडे आम्हाला ठाऊक होते ते पावसाळ्यात रानातल्या वारुळापाशी निघतात तेवढेच. शहरात त्यालाच मशरूम म्हणतात.

सासूबाई म्हणाल्या, "ढोराच्या तोंडचं काढून पिशव्या भरशीन? पाप लागते वो."

"परत देईन ना आई. टेकोडे तोडून झाले का तेच तणस गाईले चालते, असं शिकवणाऱ्या मॅडमनं सांगतलं."

"कोणाच्या गाईनं खाल्लं?"

गावात कोणी करूनच पाहिलं नव्हतं.

"मंग पन्नास पेंढ्या घे," सासूबाई म्हणाल्या. "आपल्या कबरी गाईनं खाल्लं तर पुढचं बोलू. नाही खाल्लं तर तणसाले हात लावाचा नाही."

साधनाबाई आठवी शिकलेल्या. या घरात येऊन त्यांना बावीस वर्षं झाली, पण स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. हे पहिलंच.

तणसातली कीड-बुरशी आधी मारावी लागते, तरच टेकोड्याचं बियाणं धरतं. सोपी रीत म्हणजे टाक्यात पाणी, पाण्यात बुरशी मारायची दवा आणि रातभर तणस बुडवून ठेवायचं. गटातल्या बाकी बायांनी तेच केलं. साधनाबाईंनी मॅडमला फोन लावला, "दवाच्या पाण्यातलं तणस गाय खाईन का?" मॅडम म्हणाल्या, ते खतातच टाका, जनावराला द्यायचं असेल तर गरम पाण्यातून काढा.

मग धान उकडायचा ड्रम चुलीवर चढला. भिजवलेलं, बोट-दोन बोट कापलेलं तणस त्यात तासभर ठेवायचं, निथळवायचं, मुठीत दाबून पाहायचं. थेंब पडला तर अजून ओलं आहे. सरपण जळे, हात भाजत. दुसऱ्या घरी चाळीस पिशव्या झाल्या, तेवढ्याच वेळात आमच्या बारा.

गटातली पिंकी कुंपणावरून म्हणाली, "साधनाबाई, आंघोळ घालून राह्यली का लगीन लावून राह्यली टेकोड्याचं?"

"आंघोळ झाली. हळद लावाले तू ये."

एक थर तणस, एक थर बियाणं, अशा पिशव्या भरल्या आणि धानाच्या खोलीत दोरीला टांगल्या. मी पहिल्या पिशवीला कुंकू लावलं, ऊद घालायला गेले तर साधनाबाईंनी अडवलं. "धूर नको घालू. नुसता हात जोड."

दोन पिशव्यांवर हिरवी बुरशी आली. त्यांनी त्या गुपचूप नेऊन उकिरड्याच्या पल्याड पुरल्या. "हे कोणालेच नाही द्याचं," एवढंच म्हणाल्या. उरलेल्या दहा पिशव्या वीस दिवसांत आतून पांढऱ्या झाल्या, दही विरजल्यासारख्या. प्लास्टिक कापलं, पाणी शिंपडत राहिलो, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बाजूनं कानासारखे टेकोडे निघाले. घरी रस्सा केला. सासूबाईंनी बोट लावून चाखला आणि "मटणासारखं लागते" म्हणून वाटी दूर सारली. लालबर्राच्या बाजारात मात्र दुपारच्या आत टोपली रिकामी झाली.

साधनाबाईंना त्याचं फार काही वाटलं नाही. टेकोड्यांचे तीन तोडे होईपर्यंत महिना-दीड महिना त्या रोज पिशव्या हुंगून बघत. वास चांगला आहे ना, गाय तोंड लावेल ना.

शेवटचा तोडा झाला तसं त्यांनी तणस मोकळं करून एक दिवस उन्हात घातलं, टोपलीत घेतलं आणि कबरीपुढे ठेवलं. सासूबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या. कबरीनं हुंगलं, जोरात फुंकर मारली आणि मान फिरवली. सासूबाई आत गेल्या.

माझे भासरे, म्हणजे साधनाबाईंचे यजमान हेमराजभाऊ, तिथंच शेण भरत होते. म्हणाले, "राहू दे. नाही खात तर नाही."

"नवी सून पहिल्या दिवशी पोटभर जेवते का?" साधनाबाई म्हणाल्या आणि टोपली उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीच्या तणसात एकच मूठ मिसळली, वरून कोंडा आणि मिठाचं पाणी. कबरीनं तेवढं निवडून बाजूला टाकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा एक मूठ. चौथ्या दिवशी खाली काही उरलं नाही. मग दोन मुठी, मग चार. बाराव्या दिवशी त्यांनी सासूबाईंना बोलावून आणलं. गव्हाणीत एका बाजूला कोरडं तणस, दुसऱ्या बाजूला हे, कोंडा नाही, मीठ नाही. कबरी म्हातारी, दात झिजलेले. कोरडं तणस ती तोंडात घोळवून खाली टाकायची. तिनं दोन्ही हुंगलं आणि हे नरम तणस खायला लागली. संपलं तेव्हा गव्हाण चाटत होती.

सासूबाईंनी वाकून रिकामी गव्हाण पाहिली. "दात नाही ना तिले," म्हणाल्या. मग पदर खोचून स्वतः ढिगाकडे गेल्या आणि पेंढ्या उपसायला लागल्या. "इकडचं घे. वरचं दहिवरानं ओलं झालं."

साधनाबाईंनी पेंढ्या घेतल्या.

या वर्षी आमच्याकडे साठ पिशव्या आहेत, सगळ्या गरम पाण्यातल्या. परवा पिंकी ड्रम मागायला आली. साधनाबाईंच्या आधी सासूबाईच बोलल्या, "आधी हे सांग, तुह्या घरी गाय आहे का?"

"नाही ना, आजी. आईकडं आहे."

"मंग उरलेलं तणस तिकडं नेऊन देशीन का?"

"हौ."

"ने मंग. घासून आणजो."