वैजयंतीताईंना खुर्ची का नाही?

भोपाळमधल्या बरखेड्याच्या सभागृहात वैजयंती देशकर मुलींना ज्युदो शिकवायला लागली, तेव्हा तिच्याकडे धड मॅटसुद्धा नव्हती. कारखान्यात टेक्निशियन असलेल्या तिच्या वडिलांनी, मधुकररावांनी, जुन्या गाद्यांवर ताडपत्री शिवून दिली. त्या गाद्यांवर आपटत-उठत तिच्या मुली राज्यात चमकू लागल्या. पण संघ बाहेरगावी निघाला की कोच म्हणून नाव लागायचं राज्य ज्युदो संघटनेच्या प्रसाद सरांचं, आणि वैजयंती व्हायची मॅनेजर. म्हणजे खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायच्या, कुणाची पाळी आली तर औषधांचं दुकान शोधायचं. प्रसाद सर मुलींना पहिल्यांदा भेटायचे ते हबीबगंज स्टेशनवर, आणि निम्म्या जणींना भलत्याच नावाने हाका मारायचे.

लखनौच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिची शमिका उपांत्य फेरीत पोचली. समोरची मुलगी डावखुरी होती. डावखुरीची आधी बाही धरायची, हे दोघींनी उन्हाळाभर घोटलं होतं. पण मॅटशेजारच्या कोचच्या खुर्चीत बसले होते प्रसाद सर, आणि वैजयंती वर प्रेक्षकांत, मांडीवर मुलींची जॅकेटं घेऊन.

पंचांनी मध्येच खेळ थांबवला. शमिकाने खुर्चीकडे पाहिलं.

"बाही छोड़! कॉलर पकड़, कॉलर!" सर ओरडले.

शमिकाने गोंधळून कॉलरला हात घातला आणि पुढच्याच क्षणी पाठीवर आदळली. खेळ खलास.

वैजयंती धावत खाली गेली. दारावरच्या माणसाने गळ्यातलं कार्ड बघून हात आडवा घातला. "मैनेजर का अंदर काम नहीं है, मैडम." आत पोरगी ओक्साबोक्शी रडत होती, आणि तिला घडवणारी दाराबाहेर उभी!

भोपाळला परतल्यावर ती तडक शिवाजी नगरला, संघटनेच्या सचिवांकडे गेली. विश्वनाथराव नागपूरकडचे, बोलायला गोड.

"ताई, तुमचा संसार आहे, लहान मुलगी आहे. कोचला महिनामहिना कॅम्पला राहावं लागतं. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"मॅनेजर म्हणून पाठवता तेव्हा संसार नसतो का मला? अंगावर पिणारी पोर आईकडे टाकून गेले होते मी. तेव्हा नाही कुणाला माझं भलं आठवलं!"

"अहो, चिडता कशाला?"

"प्रसाद सरांनाही दोन मुलं आहेत. त्यांना कधी विचारलंत, घरी कोण बघतं म्हणून?"

विश्वनाथरावांनी चहा मागवला.

पुढच्या वर्षी वैजयंतीने मॅनेजर व्हायला साफ नकार दिला. संघटनेने दुसरी बाई शोधली. तिला ज्युदोतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते कळायची गरजही नव्हती.

"ताई, फिर हम भी नहीं जाएंगे," शमिका म्हणाली.

वैजयंती तिच्यावरच उखडली. "तुझं वर्ष का वाया घालवतेस? भांडण माझं आहे. तू खेळ."

शमिका राष्ट्रीय स्पर्धेला गेली. कांस्यपदकाच्या लढतीआधी सर खुर्चीकडे निघाले, तशी तिने त्यांना अडवलं. "सर, आप मत बैठिए. मैं अकेली खेलूँगी." भरल्या सभागृहात ती रिकाम्या खुर्चीसमोर खेळली, समोरच्या डावखुरीची बाही धरून खेळली, आणि जिंकली. घरी मोबाइलवर बघणाऱ्या मधुकररावांनी टाळ्या पिटल्या. वैजयंतीला मात्र रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं: प्रसाद सरांच्या मार्गदर्शनाखाली पदक. वर शमिकाला बेशिस्तीची नोटीस! आता मात्र वैजयंतीचं डोकं फिरलं. साऱ्या मुलींना आणि त्यांच्या आयांना घेऊन ती कार्यालयात जाऊन बसली. नोटीस मागे घेतल्याशिवाय एकही बाई उठली नाही. संध्याकाळी ती मागे घेतली गेली.

कोचपद अजून प्रसाद सरांकडेच आहे. यंदा विश्वनाथरावांचा पुन्हा फोन आला होता. "ताई, मॅनेजर म्हणून..."

"कोच म्हणून नाव लावा, मग बोलू," एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि पायातल्या चपला काढून मॅटवर गेली.