चुरीबाईंनी उतरवलेला तक्ता

सुहासिनी चुरी वर्गात शिरल्या की मुलं आधी त्यांच्या हातांकडे बघायची. कधी केळफूल असायचं, कधी मुळांसकट उपटलेलं अळू. एकदा तर स्टीलच्या डब्यातून बोकडाचं हृदय आणलं होतं. पापडी गावच्या शाळेत त्या १९९६ साली विज्ञान शिकवायला लागल्या. सासर तिथलंच, घरामागे केळीची वाडी. त्यामुळे सामानाची कमतरता नव्हती.

विज्ञानात हुशार म्हणून त्या शिक्षिका झाल्या असं नव्हतं. नववीत त्या विज्ञानातच नापास झाल्या होत्या. पुढच्या वर्षी आगाशीच्या माहेरी आई ओट्यावर विड्याच्या पानांच्या चवडी लावत बसायची, तिला सुहासिनी धडे मोठ्याने सांगायची आणि त्यातून ती पास झाली. तेव्हापासून एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली. पोरं ढ नसतात. आपण भलतंच दार ठोठावत बसतो.

म्हणूनच २००० सालच्या दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांच्या शिबिरात त्यांनी जे ऐकलं ते त्यांना तंतोतंत पटलं. पाहुण्या व्याख्यात्याने सांगितलं की मुलं तीन प्रकारची असतात. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. वीस प्रश्न विचारायचे, की मूल कुठल्या प्रकारचं ते कळतं. बाकीचे शिक्षक चहाची वाट बघत होते. सुहासिनीबाईंनी वीसच्या वीस प्रश्न उतरवून घेतले.

सुट्टी संपल्यावर सातवीच्या भिंतीवर तक्ता लागला. तीन रकाने: डोळा, कान, हात. प्रत्येकाखाली नावं. मुलं हरखून गेली. आजवर त्यांना पहिला, दुसरा, नापास एवढंच कुणी सांगितलं होतं. आपण ‘कोण’ आहोत हे पहिल्यांदाच कळत होतं. मधल्या सुट्टीत डोळेवाले आणि कानवाले वेगळे बसून डबा खाऊ लागले. बाईंना त्याचं हसू आलं. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही.

क्षितिजा परब कानाच्या रकान्यात पहिली होती. नालासोपाऱ्यातल्या नव्या इमारतीत राहणारी, आईवडील दोघं मुंबईला नोकरीला. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धडा दोनदा वाचला की घडाघडा म्हणून दाखवायची.

फेब्रुवारीतल्या चाचणीचे पेपर तपासताना बाई तिच्या पेपरापाशी थांबल्या. आकृतीचे तिन्ही प्रश्न कोरे होते. चुकलेले नव्हे, सोडून दिलेले. पेन्सिलसुद्धा टेकवली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला व्हरांड्यात बोलावलं.

“क्षितिजा, हृदयाची आकृती का नाही काढलीस? आपण तर खरं हृदय बघितलं होतं.”

“बाई, मी कानाची आहे ना,” ती सहज म्हणाली. “आकृत्या डोळ्यांच्या मुलांना येतात. मला नाही येणार त्या.”

“कोण म्हणालं?”

क्षितिजाने वर्गाकडे बोट दाखवलं. दारातून तक्ता दिसत होता.

नोव्हेंबरपर्यंत हीच मुलगी आकृत्या काढत होती. वाकड्यातिकड्या का होईना, पण काढत होती. मुलीला दार उघडून द्यायला निघालेल्या बाईंनी दोन दारांना बाहेरून कडी घातली होती.

त्याच आठवड्यात पालकसभेला क्षितिजाची आई मेघना आल्या. “बाई, घरी ती सगळं न अडखळता म्हणते हो. पुस्तक समोर असतं, मी ऐकते ना! मग पेपरात काय होतं तेच कळत नाही.”

“पुस्तक समोर असतं?” बाईंनी विचारलं.

“हो. म्हणजे मध्येमध्ये बघते. सगळीच मुलं बघतात.”

ते वाक्य बाईंच्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर त्या वाडीत पाटाच्या कडेला बसून राहिल्या आणि त्यांना स्वतःची नववी आठवली. आईला धडा सांगताना पुस्तक कुठे होतं? मांडीवर, मिटलेलं. आई चौथी शिकलेली. दर दोन वाक्यांनी ती पानं लावता लावता विचारायची, “म्हणजे काय गं?” मग सुहासिनीला पुस्तकातले शब्द टाकून स्वतःचे शोधावे लागायचे, कधी जमिनीवर खडूने काढून दाखवावं लागायचं. इतकी वर्षं त्या समजत होत्या की आपण कानाने शिकलो. पण ऐकत तर आई होती. सुहासिनीला आठवून सांगावं लागत होतं, आणि जिथे सांगता येत नव्हतं तिथे पुन्हा पुस्तक उघडावं लागत होतं.

सोमवारी त्यांनी वर्गासमोर स्टुलावर चढून तक्ता काढला.

“मी चुकले,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावर शिक्के मारले आणि ते खरे आहेत का हे तपासलंच नाही. आता आपण मिळून तपासू.”

बाई चुकल्या असं बाईच सांगतात, हे मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. मागच्या बाकावरून क्लेमेंटने विचारलं, “मग बाई, मी हाताचा नाही?”

“तुला दोन हात आहेत, दोन डोळे आहेत, दोन कान आहेत. सगळे वापर.”

दर शनिवारी शेवटच्या तासाला प्रयोग सुरू झाला. दोन छोटे धडे घ्यायचे. एक आपल्या आवडत्या पद्धतीने करायचा. दुसरा एकदा वाचून पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते लिहायचं, काढायचं किंवा शेजाऱ्याला सांगायचं. मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघायचं. दोन्हींवर लगेच दहा प्रश्न. पुढच्या शनिवारी, न सांगता, पुन्हा तेच दहा.

पहिल्या शनिवारी क्षितिजाला मोठ्याने वाचलेल्या धड्यात आठ मिळाले, मिटून केलेल्यात सहा. “बघा बाई!” ती म्हणाली. बाईंनी दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवले. खरं तर त्यांनाही शंका आली होती. पुढच्या शनिवारी आठाचे तीन झाले होते. सहाचे मात्र सहाच होते.

क्षितिजाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग बारीक आवाजात म्हणाली, “पण बाई, पुस्तक मिटलं की मला काहीच येत नाही असं वाटतं. वाचताना कसं सगळं येतंय असं वाटतं.”

“मला पण नववीत असंच वाटायचं,” बाई म्हणाल्या. “आणि मी नापास झाले.”

हे ऐकून क्षितिजा हसली.

सगळ्यांचं सारखं निघालं नाही. क्लेमेंटला लिहायचा कंटाळा. तो धाकट्या बहिणीला शिकवून बघायचा आणि तिच्या प्रश्नांनी अडला की चिडायचा. कुणाला पहाटे बरं जमायचं, कुणाला गोंगाटात. पण प्रत्येकाने आपापल्या वहीत ते करून पाहून लिहिलं, कुणी सांगितलं म्हणून नाही.

मुख्याध्यापक रॉबर्ट सर दोनदा दारात येऊन गेले. तिसऱ्यांदा त्यांनी ऑफिसात बोलावलं. “चुरीबाई, आवाज किती! आणि पोर्शनचं काय? दोन धडे मागे आहात.”

“दोन आहेत, सर. एप्रिलच्या आत भरून काढते.”

“आणि नाही निघाले तर?”

“तर माझ्या नावावर शेरा लिहा.”

एक धडा शेवटपर्यंत राहिला. सरांनी शेरा लिहिला. प्रयोग मात्र बंद केला नाही.

चमत्कार काही झाला नाही. क्षितिजाला दहावीला विज्ञानात एकसष्ट मिळाले. हृदयाची आकृती तिने काढली, एक झडप उलटी दाखवली. पेढे द्यायला आली तेव्हा हे तिनेच सांगितलं. घरी जाऊन लगेच पडताळून पाहिलं होतं म्हणे. बाईंना एकसष्टपेक्षा त्या पडताळण्याचा आनंद जास्त झाला.

पण नंतरच्या वर्गातली पिंकी यादव त्यांच्या हातून निसटली. पिंकीचे वडील सातिवलीच्या एका कारखान्यात कामाला. मुलगी शांत, मराठी तोडकंमोडकं, शनिवारच्या दोन्ही कागदांवर दोन नाहीतर तीन. बाईंनी सगळं करून पाहिलं. २००४ साली ती आठवीतून मध्येच यायची थांबली. बाई तिला शोधत सातिवलीला गेल्या तर खोलीला कुलूप होतं. घरचे वापीला गेले होते. खोलीची भिंत कारखान्याच्या गाळ्याला लागून होती. पलीकडे पत्रा कापण्याचं यंत्र सुरू झालं तसं बाईंना शेजारणीचं बोलणंही ऐकू येईना. पोरगी याच आवाजात अभ्यास करत होती, आणि आपण तिला पद्धती सुचवत बसलो होतो. एवढं साधं विचारायचं राहून गेलं होतं.

पुढच्या जूनपासून त्यांनी नवा नेम धरला. पहिल्या महिन्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी जायचं आणि पुस्तक कुठे उघडलं जातं ते बघायचं. पावसातच फिरावं लागे. कळंबला हरिश्चंद्र मेहेर यांच्याकडे गेल्या तेव्हा ते पडवीत जाळं विणत होते. “बसा बाई, पानी घ्या,” म्हणत त्यांनी तांब्या पुढे केला. “पोरगी काय चुकली का?”

“नाही हो. ती अभ्यास कुठे करते तेवढंच बघायला आले.”

हरिश्चंद्र जरा गोंधळले. असलं काही बघायला शाळेतून कुणी आलं नव्हतं. मग त्यांनी मागे हाक मारली. मुलगी बाहेर आली, लाजली, आणि बाईंना घरामागे घेऊन गेली. पावसाळ्यासाठी ओढून ठेवलेली होडी तिथे झावळ्यांनी शाकारली होती. त्या आडोशाला एक गोणपाट अंथरलेलं होतं आणि होडीच्या काळ्या फळीवर खडूने बेडकाचं जीवनचक्र काढलेलं होतं. चौथं चित्र अर्धवट होतं.

“पुढचं आठवेना,” मुलगी म्हणाली.

बाई वाकून आत शिरल्या आणि गोणपाटावर तिच्या शेजारी बसल्या. “पुस्तक राहू दे अजून,” त्या म्हणाल्या. “आधी मला सांग, शेपटीचं काय होतं?”