गुलनाजची हरकत

मंजुश्रीबाईंनी गुलनाजला पहिल्यांदा नीट पाहिलं ते सातवीच्या वर्गात, मापनाचा धडा संपता संपता. त्याआधी दीड महिना ती खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत होती, हजेरीला ‘हजर बाई’ म्हणत होती. पण पन्नास मुलांच्या वर्गात तेवढ्याने मूल दिसत नाही. त्या दिवशी बाईंनी सांगितलं, की मापं सगळीकडे सारखी ठरलेली असली की कुठेही बनवलेली वस्तू कुठेही बसते. मग सवयीने विचारलं, “समजलं ना सगळ्यांना?” वर्गाने सवयीनेच एका सुरात ‘हो बाई’ म्हटलं. तो सूर विरायच्या आत खिडकीकडून आवाज आला, “नाई बाई.”

वर्ग हसला. काय समजलं नाही, असं बाईंनी विचारलं.

“समजलं,” मुलगी उभी राहून म्हणाली, “पण तसं नसते बाई.”

तासाची पाच मिनिटं उरली होती आणि बाईंना धडा उरकायचा होता. त्यांनी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही. त्यात उद्धटपणा नव्हता. बाकावर दोन्ही हात टेकवून, घंटा होईपर्यंत ती नुसती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून ठिबकच्या काळ्या नळीचे दोन तुकडे काढले. देऊळघाटच्या बाजारात तिच्या वडिलांचं, गुलाम रसूल यांचं, पाइप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. दोन्ही तुकड्यांवर सोळा मिलिमीटर असं छापलेलं होतं. एका तुकड्यात जोडणीचा जॉइनर घट्ट बसला. दुसऱ्यात तोच जॉइनर घातला, आणि ओढल्याबरोबर हातात आला. कंपनी वेगळी, नळीची जाडी वेगळी, म्हणून आतलं भोक वेगळं. बाहेरून माप तेच. तिने सांगितलं, की अब्बा अशा नळ्या गरम पाण्यात बुडवून, तार आवळून कशाबशा बसवतात; पण ज्याच्याजवळ अब्बा नाहीत त्याला नळी ज्या कंपनीची, जॉइनरही त्याच कंपनीचा घ्यावा लागतो.

बाईंनी ते तुकडे प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले. त्या वर्षापासून धडा संपल्यावर ‘समजलं ना’ हे विचारणं त्यांनी सोडून दिलं. ‘कोणाला पटलं नाही?’ असं त्या विचारू लागल्या. बहुतेक वेळा वर्ग गप्प बसायचा, पण वर्षाकाठी एखाददुसरं मूल उभं राहायचं.

गुलाम रसूल मुलीबद्दल कौतुकाने तक्रार करीत. “बाई, घरी बी असंच हाये,” एकदा ते नळ्यांचं वेटोळं उलगडता उलगडता म्हणाले. “हिची आई म्हणते, हे पाळण्यातबी पहिले मान हलवून नाईच म्हणायला शिकली.”

पुढे गुलनाज शेगावला इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. साथीच्या वर्षी सगळे घरी परतले तशी तीही आली. मग आईच्या, अख्तरीबींच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं, काम घरून होतच होतं, आणि ती इथेच राहिली. दुकानाच्या माडीवर, जॉइनरच्या पोत्यांशेजारी, तिने टेबल मांडलं.

ती नेमकं काय करते, हे मंजुश्रीबाईंनी निवृत्तीनंतर तिच्याकडूनच समजून घेतलं. क्लाउड म्हणजे भाड्याचा ट्रॅक्टर, ती म्हणाली. यंत्र दुसऱ्याचं, काम आपलं, आणि आपलं बियाणंही त्याच्याच ट्रॉलीत. ग्रिड म्हणजे सावड. चार गावच्या बैलजोड्या एका वावरात जुंपायच्या, तसे दूरदूरच्या संस्थांचे कॉम्प्युटर एका मोठ्या कामाला जुंपायचे. आता प्रत्येकाचं जू वेगळ्या मापाचं असलं तर सावड व्हायची कशी? म्हणून देशोदेशीची माणसं एका मंचावर बसून सगळ्यांसाठी एकच माप ठरवतात. ते माप कुणाच्या मालकीचं नसतं, कुणालाही फुकट वाचता येतं, त्याप्रमाणे यंत्रणा बनवता येते. तिच्या कंपनीने तिला त्या मंचाच्या एका गटावर पाठवलं होतं. एका कंपनीच्या क्लाउडवरून दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर जाणाऱ्याला त्याची माहिती कशी मिळावी, याचा नियम तो गट लिहीत होता.

“म्हणजे जॉइनरच,” बाई म्हणाल्या.

“हाव बाई. जॉइनरच.”

या नियमात गुलनाजचं मन अडकलं ते मोताळ्याच्या अन्नपूर्णाबाईंमुळे. अन्नपूर्णाबाई तिकडच्या बेचाळीस भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटाच्या प्रमुख. गटाने शेतात मातीचा ओलावा मोजणारी यंत्रं बसवली होती. त्यांच्या नोंदी दर तासाला एका कंपनीच्या क्लाउडवर जात. कोणत्या वाफ्याला किती पाणी लागतं, हे त्यावरून ठरे. तीन वर्षांनी कंपनीने ती सेवाच बंद करायचं ठरवलं. गटाने आपल्या नोंदी मागितल्या. कंपनीने दिल्याही, एका फाइलमध्ये; पण ती दुसऱ्या कुणाकडे उघडेना. अन्नपूर्णाबाई ठिबकच्या नळ्या घ्यायला दुकानात आल्या तेव्हा त्यांनी हे गुलनाजला ऐकवलं. “पोरी, चाबी देल्ली त्यायनं, पण कुलूप नेलं. आता काय करू त्या चाबीचं?”

मंचावरच्या गटाच्या मसुद्यात लिहिलं होतं, की माहिती दुसरीकडे नेण्याजोगी दिली आहे असं कंपनीने स्वतः जाहीर केलं की पुरे. गुलनाजचं म्हणणं होतं, जाहीर करणं पुरेसं नाही. ती माहिती दुसऱ्याच्या यंत्रणेत उघडून दाखवली पाहिजे. तीन महिने ती हे लेखी मांडत होती आणि तीन महिने तिला नम्रपणे बाजूला सारलं जात होतं.

मसुदा कायम करायच्या मंगळवारी मंजुश्रीबाई अंगणातल्या कुंड्यांसाठी नळी घ्यायला दुकानात गेल्या. गुलाम रसूल गल्ल्यावरून उठले. पोरगी सकाळपासून जेवली नाही, माझं ऐकत नाही, तुम्ही वर जाऊन पाहा, असं ते म्हणाले. बाई जिना चढल्या तेव्हा गुलनाजने नुकताच फोन ठेवला होता. पलीकडे तिचा साहेब होता, शेखर. त्यांच्या कंपनीचं सर्वांत मोठं काम एका बड्या क्लाउड कंपनीकडून येत होतं, आणि तो मसुदा त्या बड्या कंपनीला हवा तसा होता. शेखर रागावला नव्हता. तो रागावणारा माणूसच नव्हता. तिच्या वऱ्हाडी बोलण्याची कॉलेजातल्या पोरासारखी नक्कल करून तो नेहमीसारखा हसला होता आणि मग म्हणाला होता, “तुला होकार द्यायला कुणी सांगत नाही. अध्यक्ष विचारतील, कुणाची हरकत आहे का. गप्प बसलीस की झालं. काहीच करायचं नाहीये गं तुला.”

आणि गप्प बसली नाही तर मंचावरची खुर्ची रिकामी करायची, बहुधा कंपनीतलीही.

बाईंनी पोत्यावर टेकून सगळं ऐकलं. अख्तरीबींची औषधं, धाकट्या भावाचं, नौमानचं, शिक्षण, असं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. शहाण्या बाईने सांगावं तेच त्यांनी सांगितलं. आज गप्प बस, नोकरी सांभाळ, पुढे कधीतरी पुन्हा मांडता येईल.

गुलनाजने त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, “बाई, त्या दिवशी तुमी मले खाली बस म्हटलं होतं. मी बसली होती का?”

टेबलावरचं पाणी बाईंनी तिच्यापुढे सरकवलं आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात जाऊन बसल्या.

साडेचारला बैठक सुरू झाली. पडद्यावर पंचवीसएक चौकोन उमटले, प्रत्येकात एक चेहरा, खाली नाव आणि कंपनी. अध्यक्ष फिनलंडमधले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, म्हणून बाईंना पुष्कळसं कळलं. त्यांनी मसुद्याचा क्रमांक वाचला आणि विचारलं, कुणाची हरकत आहे का. पंचवीस चौकोन गप्प. बाईंना तो गप्पपणा ओळखीचा वाटला. तीस वर्षं त्यांनी तो रोज ऐकला होता, ‘हो बाई’च्या अलीकडचा.

“माझी हरकत आहे,” गुलनाज म्हणाली.

बड्या कंपनीच्या प्रतिनिधीने हसतमुखाने सांगितलं, की या मुद्द्यावर पुष्कळ बोलून झालं आहे. लहान ग्राहक सहसा कंपनी बदलत नाहीत. त्यांच्यापायी सगळ्यांवर चाचणीचा बोजा कशाला? गुलनाज म्हणाली, की ते बदलत नाहीत कारण त्यांना बदलता येत नाही. आणि मग तिने ती फाइल मांडली. बेचाळीस शेतांच्या तीन वर्षांच्या नोंदी, नावगाव काढून नुसते शेतांचे क्रमांक ठेवलेल्या, शेतकऱ्यांच्या गटाच्या लेखी परवानगीनिशी. आमची माहिती दुसरीकडे नेण्याजोगी आहे, असं ही फाइल देणाऱ्या कंपनीनेही जाहीर केलं होतं. इथे बसलेल्यांपैकी कुणीही ती सर्वांसमोर उघडून दाखवावी. जे पुढे येतील त्या सगळ्यांकडे उघडली तर ती हरकत मागे घेईल.

मंचाचा नियम असा, की कारणासह घेतलेल्या हरकतीला उत्तर दिल्याशिवाय मसुदा पुढे सरकत नाही. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि चाचणीसाठी सहा आठवडे दिले.

दुसऱ्याच दिवशी गुलनाजचं नाव कंपनीने मंचाच्या गटातून काढलं. पंधरवड्यात नोकरीही गेली. कंपनीचा लॅपटॉप तिने बुलडाण्याला जाऊन कुरिअरने परत पाठवला. शेखरने शेवटच्या फोनवर मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ते खरंच असावं. पण मंचावर कंपनीशिवाय, स्वतःच्या नावानेही बसता येतं, आणि हरकत तिच्या नावावर होती. पुढच्या बैठकीला ती दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून हजर झाली. तिच्या चौकोनाखाली पूर्वी कंपनीचं नाव असे. आता तिथे लिहिलेलं होतं: गुलनाज, देऊळघाट.

सहा आठवड्यांनी चाचणी झाली. अन्नपूर्णाबाई मोताळ्याहून एसटीने मुद्दाम आल्या आणि मंजुश्रीबाईंशेजारी पोत्यावर बसल्या. तीन कंपन्या पुढे आल्या होत्या. पहिलीकडे फाइल उघडली नाही. दुसरी ती बडी कंपनीच होती. तिथे नुसते आकडे उमटले, पण कोणता आकडा कोणत्या शेताचा हे काही लागेना. फाइलच सदोष आहे, असं त्यांच्या प्रतिनिधीने सांगितलं. तिसरी एक छोटी कंपनी होती. तिने मंचाच्याच एका जुन्या, खुल्या मापाप्रमाणे आपली यंत्रणा बांधली होती आणि सहा आठवडे खपून या फाइलसाठी जोडणी लिहिली होती. पडद्यावर एकामागून एक बेचाळीस रेघा उमटल्या.

अन्नपूर्णाबाईंनी पदराने चष्मा पुसून पाहिलं. मे महिन्यात एक रेघ एकदम खाली गेली होती. “हे माह्यं वांग्याचं वावर,” त्या म्हणाल्या. “त्या साली मोटर जळली होती.”

फाइल सदोष असती तर ती आत्ता सर्वांसमोर उघडली नसती, आणि नुसतं जाहीर करणं पुरेसं असतं तर ती तिघांकडेही उघडली असती, एवढंच अध्यक्ष म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं, की चाचणी सक्तीची करायला कुणाची हरकत आहे का. या वेळी गुलनाज गप्प बसली.

सगळंच तिच्या मनासारखं झालं नाही. बड्या कंपन्यांनी तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मागून घेतली, आणि ग्रिडवरच्या कामांनाही हाच नियम लावणारं कलम पुढच्या आवृत्तीवर ढकललं. त्याबद्दलची तिची लेखी नापसंती मंचाच्या दप्तरात आहे. अन्नपूर्णाबाईंच्या गटाला मात्र त्यांच्या नोंदी वापरता येतील अशा मिळाल्या. नियम छापून आला तेव्हा मंजुश्रीबाईंनी घरातल्या एका जुन्या डब्यातून नळीचे ते दोन तुकडे काढून तिला नेऊन दिले. निवृत्त होताना शाळेच्या कपाटातून त्यांनी तेवढेच घरी आणले होते.

गुलनाज आता त्या छोट्या कंपनीचं काम देऊळघाटहूनच करते, आणि दर मंगळवारी साडेचारला दुकानाच्या माडीवरून, स्वतःच्या नावाने, बैठकीला बसते.