रंग न दिलेला हत्ती

मंडळी, मी जोहे गावातली अंगणवाडी सेविका. आजची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज बालविकास प्रकल्पाच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या होत्या, पोरं नीट बोलतात का ते बघायला. मला धास्ती होती ती चार वर्षांच्या आर्याची. घरी पोपटासारखी बोलते म्हणे, पण अंगणवाडीत आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं.

मॅडमनी हत्तीचं चित्र वर धरलं. "हा कोण?"

सगळी पोरं ओरडली, "बाप्पा!"

आमच्याकडे घरोघरी गणपतीचे कारखाने, दुसरं काय म्हणणार! मॅडम हसल्या. "अरे, नीट बघा."

तेवढ्यात आर्या उठली, चित्रापाशी गेली आणि हत्तीच्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "रंग नाय दिला, नि डोळे आधीच काढलेत!"

मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. आर्याची आई तेच काम करते. मी हे सांगितल्यावर मॅडमनी आर्याच्या हातात खडू दिले. हत्ती गुलाबी झाला.

दुपारी आई न्यायला आली. म्हटलं, "अगो, पोरगी बोलली आज!"

ती जागीच थांबली. "काय बोलली?"

"सरकारी हत्तीची चूक काढली."

रंगाचे हात पदराला पुसत तिनं लेकीला उचललं. "मंग बरोबर हाय. कारखान्यात माझ्यापन चुकाच काढते!"

आता तुम्हीच सांगा, आर्यानं हत्ती ओळखला की नाही? मी तर अहवालात 'ओळखला' असंच लिहिणार आहे.