तीन हात रंग

पेंटरने आयुष्यात दोन हातांवर काम सोडलं नाही. बसच्या वर्कशॉपमध्ये आम्ही अठ्ठावीस वर्षं शेजारी शेजारी होतो. तो रंगखात्यात, मी वायरिंगवर. साहेब सांगायचे, दोन हात रंग पुरे. पेंटर मान डोलवायचा आणि तिसरा हात द्यायचा. जेवणाच्या सुट्टीत द्यायचा, त्यामुळे कोणाला बोलायला जागा नसे. उघडा पत्रा दिसला की त्याला चैन पडत नसे. एकदा मी दोन दिवस रजेवर गेलो आणि परत आलो तर माझी हत्यारांची पेटी निळी. आतूनसुद्धा. पकडींच्या मुठीही निळ्या.

निवृत्त झाल्यावर त्याने जुनी मोटारहोम घेतली. मागे पलंग, छोटा ओटा, बेसिन, कपाट. बावीस वर्षांची गाडी, आधीचा मालक समुद्राकाठचा. खाऱ्या हवेने पत्रा जागोजागी खाल्ला होता.

गाडी घेतली ती वहिनींसाठी. वहिनी म्हणजे पेंटरची बायको. त्यांची कंबर कामातून गेली आहे. अर्धा तास बसवत नाही, आडवं पडलं की ठीक. त्यांची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर राहते. थोरलीला प्रवास झेपत नाही, धाकटीला बसवत नाही. सात वर्षांत दोघींची भेट नव्हती. झोपून जाता येईल अशी गाडी हाच एक मार्ग होता.

पेंटरने आठ महिने गंज काढला. गाडी अशी चकाकली की शेजारी तिच्यात बघून भांग पाडत. मग ती तपासणीला नेली आणि ती नापास झाली. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा लागायच्या ऐवजी डावा इंडिकेटर मिणमिणायचा आणि बेसिनचा पंप ढेकर द्यायचा. पेंटरने बॅटरी बदलली, बल्ब बदलले, ब्रेकचं बटण बदललं. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा नापास झाली तर गाडी कायमची रस्त्यावरून बाद होणार होती. तिसरी तारीख गुरुवारची. माझ्याकडे तो सोमवारी आला.

"आधी यायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"तू आलास की उकरत बसतोस," तो म्हणाला. "माझा रंग खराब होतो."

मी मीटर घेतला आणि गेलो. पलंगाची फळी उचलली. खाली बॅटरी. तिची परतीची जाड काळी वायर जिथे पत्र्याला बोल्टने धरली होती, तो पत्रा लख्ख दिसत होता. याने एक जागा तरी सोडली म्हणायची, असं मनात म्हटलं आणि पुढे गेलो. ही चूक माझी. नखाने खरवडून बघायला दोन सेकंद लागले असते.

बॅटरीच्या काळ्या टोकापासून एक मोकळी वायर थेट मागच्या दिव्याच्या बुडाशी टेकवली आणि पेंटरला ब्रेक दाबायला लावला. दिवा लख्ख.

"झालं?" पेंटर आतून ओरडला.

"झालं कसलं? आता कळलं फक्त. वीज वायरीने जाते आणि पत्र्यातून परत येते. जायची वाट ठीक आहे. परतीची तुंबलीय, म्हणून ती इंडिकेटरमधून आणि पंपातून वाट काढते."

"तुंबायला काय झालं? सगळा गंज मी काढलाय."

मी दिव्यामागचा बोल्ट उघडला. वायरीच्या टोकाची चकती हिरवी पडली होती. ते अपेक्षितच होतं. पण तिच्याखाली पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता. प्रायमर होता, आणि वर तीन हात पांढरा रंग.

"पेंटर, इकडे ये. हे काय?"

त्याने वाकून बघितलं. चेहऱ्यावर अभिमान. "एक बुडबुडा दाखव."

"अरे, रंगातून वीज जाते का?"

"उघडा पत्रा सोडू? खारी हवा खाईल."

"चकतीखाली पत्रा उघडाच हवा! आठ महिने गंज काढलास आणि जाताना दार लावून घेतलंस."

त्याने चकतीखालच्या रंगावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "अशा सहा जागा आहेत." माणूस कामात लबाडी करत नाही. सहाही जागा त्याला पाठ होत्या.

रंग मी खरवडला असता तर एका जागेला चार मिनिटं लागली असती. पण तो मला हात लावू देईना. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून एकेका जागेला त्याने पंचवीस मिनिटं घेतली, आणि तोंड असं की स्वतःची मिशी उतरवतोय. मी तोवर वायरींची हिरवी टोकं कापली, नवीन चकत्या बसवल्या, बोल्ट कसले, ग्रीस लावलं.

"आता वरून रंग दे," मी म्हटलं. "कसल्यावर. हवे तेवढे हात."

तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

मंगळवार गेला. बुधवारी दुपारी सहाही सांधे झाले. ब्रेक दाबला, लाल दिवा पेटला. पंप गप्प. पेंटर नाचायचाच बाकी होता.

"थांब," मी म्हटलं. "तपासणीत सगळं एकदम लावतात. मोठे दिवे लाव, ब्रेक दाब, नळ सोड."

सगळे दिवे एकदम मंदावले. मीटर बारावरून नऊवर आला.

"सातवी जागा कुठाय?"

"सहाच रंगवल्यात."

"आठव."

"सहा म्हणजे सहा! मला मोजता येतं."

वहिनी त्या वेळी आत पलंगावर होत्या. दुपारी त्या गाडीतच पडत; घरापेक्षा तिथे बरं वाटतं म्हणत. आम्ही त्यांना न उठवता दिवे लावत होतो, बंद करत होतो. पाचव्या-सहाव्या वेळी आतून आवाज आला.

"भाऊजी, एकदाचं काय ते ठरवा. चालू तरी ठेवा, नाहीतर बंद तरी."

"काय झालं वहिनी?"

"शेक येतो आणि जातो."

"कसला शेक?"

"कमरेला. दिवे लावले की येतो, बंद केले की जातो. चांगला लागतो हो, औषधाच्या पट्टीपेक्षा."

मी पाना खाली टाकला. "वहिनी, उठा! आधी खाली या!"

"सावकाश. मी उठायची म्हणजे पाच मिनिटं."

त्या उतरल्यावर फळी उचलली. तो जाड वायरीचा लख्ख पत्रा. बोल्टला हात लावला आणि चटकन मागे घेतला. नखाने पत्रा खरवडला, तर पापुद्रा निघाला.

"पेंटर! हे काय?"

"ते वॉर्निश. उत्तम प्रतीचं. तीन हात."

"सहाच जागा म्हणालास ना?"

"रंगवलेल्या सहाच. वॉर्निशला कोणी रंग म्हणतं का?" त्याला खरोखरच माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं होतं.

वहिनी दाराला धरून उभ्या होत्या. "शेक मला दोन महिने लागतोय," त्या म्हणाल्या.

"आणि तू बोलली नाहीस?" पेंटर.

"बोलले असते तर तुम्ही बंद केला असता."

"अगं, गाडी पेटली असती! तुझ्यासकट!"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, तुम्ही मुद्दाम केलंय माझ्यासाठी."

पेंटर पॉलिश पेपर घेऊन पलंगाखाली शिरला. या वेळी पाच मिनिटांत पत्रा उघडा केला. कडा गोल आहेत का तेही बघितलं नाही. त्याला इतक्या वेगाने काम करताना मी प्रथमच पाहिलं. मी नवी जाड चकती दाबून बसवली, बोल्ट अंगाचा भार देऊन कसला. सगळं एकदम लावलं. मीटर बारावरून हलला नाही. अर्धा तास चालू ठेवून बोल्टला हात लावला. गार.

गुरुवारी तपासनीसाने सगळे दिवे लावायला सांगितले, मागे गेला, पुढे आला, सही केली. मग गाडीभोवती फिरला आणि रंग कोणी दिला विचारलं. पेंटर त्याला प्रायमरपासून सांगू लागला. मागे सात गाड्या खोळंबल्या. मीच त्याला दंडाला धरून गाडीत बसवलं.

शुक्रवारी ती दोघं निघाली. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला.

"पोहोचलो. तुझ्या वहिनीची कंबर ठीक. पण मला गाडीत घेत नाहीत."

"कोण घेत नाही?"

"दोघी. हिच्या ताईसुद्धा काल त्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्या, त्या उठायलाच तयार नाहीत. दार लावून, पंखा लावून बोलतायत. मी बाहेर, ताईंच्या घराच्या ओट्यावर. जेवणसुद्धा आतच मागवतात. म्हटलं, बॅटरी उतरेल. तर ताई म्हणतात, सात वर्षांचं साठलंय, उतरू दे."

"रोज अर्धा तास इंजिन चालू ठेव," मी म्हटलं. "एक मिनिट कमी नको."